टाके, टँक आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



वर्धापनदिनाला आम्ही धम्मावर बोलावे अशी समितीची अपेक्षा होती. पण भन्तेजी इथे बसलेले असताना आम्ही धम्मावर बोलणे म्हणजे पाटलाच्या वाड्यावर जाऊन पाटलाला शेती शिकवण्यासारखे. म्हणून आज आम्ही एका शब्दावर बोलणार आहोत. शब्द इंग्रजी आहे आणि तुम्हा सर्वांना माहीत आहे. 'टँक'.

हा विषय सुचला तो आपल्या अभ्यासिकेतल्या एका मुलामुळे. सहावीतला पोरगा. बाबासाहेबांवरचे इंग्रजी पुस्तक चाळत होता. एकदम उठून आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, बाबासाहेबांनी महाडला टँक घेतला होता का?" आम्ही म्हटले, "कसला टँक?" तर म्हणाला, "इथं लिहिलंय ना, चवदार टँक. मग तोफ पण होती का त्याला?" बाकीची मुले खो खो हसली. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर विचार करू लागलो. पोराचे काय चुकले? त्याने टँक पाहिला तो टीव्हीवर, सव्वीस जानेवारीच्या संचलनात. एक टँक म्हणजे रणगाडा आणि एक टँक म्हणजे तळे, असे का? आणि या दोन्हींचा आपल्या छपरावरच्या काळ्या टाकीशी काय संबंध? शोधायला बसलो आणि निघालो ते थेट आपल्याच डोंगरात.

आपल्या मुळशीतले घनगड, कोराईगड तुम्ही चढला असाल. वर गेल्यावर खडकात कोरलेली पाण्याची कुंडे दिसतात. त्यांना आपण काय म्हणतो? टाके. एक असले तर टाके, दोन असली तर टाकी. मे महिन्यातसुद्धा त्यात गार पाणी असते. आणि पाथरवट ज्या लोखंडी हत्याराने दगड फोडतो ती कोण? तीही टाकी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात, ती टाकी. संस्कृतात टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. टाकीने कोरले ते टाके, असे काही जाणकार मानतात. काहीजण त्याचा संबंध तडाग या शब्दाशी जोडतात. कोशकारांचे यावर एकमत नाही. आमचे मत विचाराल तर आम्ही पाथरवटाच्या बाजूचे. डोंगरावर जाऊन ज्याने टाक्याच्या भिंतीवरचे घाव बोटाने चाचपले आहेत त्याला दुसरी व्युत्पत्ती पटणे अवघड आहे. (देव्हाऱ्यातला देवाचा टाक हा मात्र वेगळा शब्द दिसतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ते टाक नदीत सोडले, तेव्हा आज त्यात शिरायला नको.)

आता ही टाकी पहिल्यांदा कोरली कोणी? गडांच्याही फार आधी ती कोरली गेली लेण्यांत. पौडवरून कोळवण, तिकोना पेठ, पवनानगर असे गेले की बेडसे लागते. पुढे मळवलीजवळ भाजे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही आपली लेणी. आपण सहलीला जातो, चैत्यगृहात त्रिसरण-पंचशील घेतो, फोटो काढतो आणि खाली उतरतो. बाजूला पाण्याची टाकी असतात तिकडे कोणी बघत नाही, फार तर पोरे वाकून बेडूक बघतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा टाक्यावरची अक्षरे बघा. बेडशाला एका टाक्यावर धम्मलिपीत लेख आहे. सामडिनिका नावाच्या महारठिनीने, एका महाभोजाच्या मुलीने, ते टाके दान दिल्याची ती नोंद आहे. भाज्याला विण्हुदत नावाच्या महारठीने दिलेले टाके आहे. त्या लेखांत टाक्याला शब्द आहे 'पोढी', आणि दानाला 'देयधम'. म्हणजे धम्माला दिलेले. मुंबईजवळ कान्हेरीला तर अशी कितीतरी टाकी आहेत. डोंगरावर शेकडो भिक्खू, आणि पावसाळा चार महिन्यांचा. पाणी साठवल्याशिवाय वर्षावास संपल्यावर राहणार कसे? भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळायचे फडकेही असते, परिस्सावन, हे भन्तेजींनी आपल्याला सांगितलेच आहे. ते वापरायला आधी पाणी लागते.

आमच्या मनात ही एक गोष्ट राहून गेली. चैत्य कोरण्याचे जसे दान, तसेच पाण्याच्या टाक्याचेही दान. आणि ते करणारी एक बाई, तिचे नाव दगडावर. तिच्या टाक्यावरून कोणाला हाकलले असेल असे काही आम्हाला तिथे वाचायला मिळाले नाही.

बरे, हे टाके इंग्रजीत गेले कसे? पश्चिम भारतात हा शब्द सगळीकडे होता. गुजरातीतही टांकुं आहे. अहमदाबादच्या जुन्या वाड्यांत अंगणाखाली पावसाचे पाणी साठवायला टाकी बांधलेली असत. राजस्थानातही टांका आहेच. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी सुरतेला उतरले तेव्हा हा शब्द त्यांच्या कानावर पडला. पण गंमत पुढे आहे. पोर्तुगीज इंग्रजांच्या शंभर वर्षे आधी आलेले, आणि त्यांच्याही भाषेत तळ्याला शब्द होता 'तांके'. पाणी अडवणे या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदावरून आलेला. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत तो आहे. म्हणजे त्यांनी तो आपल्याकडून उचलला असे म्हणता येत नाही. इकडे टाके, तिकडे तांके, आणि दोन्हींचा अर्थ अडवलेले पाणी! १८८६ साली यूल आणि बर्नेल या दोघा इंग्रजांनी भारतातल्या इंग्रजीचा एक मोठा कोश काढला, 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा. त्यांनीही या शब्दापुढे हात टेकले आणि याचे मूळ भारतीयही दिसते व युरोपीयही, अशी कबुली दिली. दोन ओढे एकाच नदीला मिळाले, असे आपण समजू.

इंग्रजांनी मग दिसेल त्या तळ्याला टँक म्हटले. मुंबईत गवालिया टँक, जिथल्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ ला 'छोडो भारत'चा ठराव झाला, सी. पी. टँक, बाणगंगा टँक. यांतली काही तळी कधीच बुजली, नाव मात्र बसच्या पाटीवर राहिले. हैदराबादला हुसेनसागराच्या बांधावरचा टँक बंड. त्याच पाण्यात मध्यभागी तथागतांची अखंड दगडातली मूर्ती उभी आहे. १९९० साली ती नेताना तराफा कलंडला, माणसे दगावली, मूर्ती तळाशी गेली, आणि १९९२ साली बाहेर काढून उभी केली. जवळच २०२३ च्या भीमजयंतीला बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा उभा राहिला. श्रीलंकेत अनुराधपूर, पोलोन्नरुवाची प्रचंड जुनी जलाशये, ज्यांवर तिथली भातशेती पिकली, त्यांनाही इंग्रजीत टँकच म्हणतात. पुण्यातली जुनी माणसे पोहण्याच्या तलावाला टँक म्हणतात. आणि आपल्या मुळशीच्या धरणाला? त्याला टँक म्हणत नाहीत. रिसॉर्टच्या पाट्यांवर 'लेक व्ह्यू' असते. 'टँक व्ह्यू' लिहिले तर कोण पैसे देईल?

आता पोराच्या रणगाड्याकडे येऊ. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, इंग्रज एक नवे चिलखती यंत्र गुपचूप तयार करत होते. काटेरी तारा आणि खंदक तुडवत जाणारे. लिंकन नावाच्या गावातल्या कारखान्यात ते बनत होते. एवढे मोठे लोखंडी धूड लपवायचे कसे? मग कामगारांना सांगितले की, ही वाळवंटात पाणी न्यायची गाडी आहे, मेसोपोटेमियासाठी. तिला नाव काय द्यावे? 'वॉटर कॅरियर' म्हणावे तर त्याची आद्याक्षरे होतात डब्ल्यू. सी., म्हणजे संडास! साहेब लोक त्या नावाच्या समितीत बसायला कसे तयार होणार? अखेर २४ डिसेंबर १९१५ ला 'टँक' हे नाव ठरले. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ही यंत्रे पहिल्यांदा रणात उतरली, गुपित फुटले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. म्हणजे मुलांनो, रणगाड्याला टँक म्हणतात कारण तो पाण्याची टाकी असल्याची थाप मारली होती. आपल्या मराठीने रणगाडा हा सरळ शब्द केला. जो गाडा रणात जातो तो रणगाडा. थाप नाही, काही नाही.

तर महाडला रणगाडा नव्हता. महाडला तळे होते.

हा इतिहास तुम्हाला पाठ आहे, म्हणून मार्चचा प्रसंग आम्ही विस्ताराने सांगत नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तसा ठराव केला. ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात, अशी तीन वर्षे गेली. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. पुढे हल्ला झाला, डोकी फुटली. तळे बाटले म्हणून १०८ घागरी पंचगव्य वगैरे करून ते शुद्ध केले. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

आम्हाला सांगायचे आहे ते यापुढचे, कारण ते आपल्या सभांमध्ये कमी सांगितले जाते. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. १२ डिसेंबरला सनातन्यांनी महाडच्या कोर्टात बाबासाहेबांवर दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दावा काय होता? की हा टँक सार्वजनिक नाहीच, तो आमचा खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी त्याला शिवायचे नाही अशी अनादिकालापासूनची वहिवाट आहे. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. पण तळ्यावर जाऊन पाणी घेणे, हुकूम होता म्हणून, बाबासाहेबांनी थांबवले. हजारो माणसे तुरुंगात जायला तयार होती. त्यांना आवरणे सोपे नव्हते. बाबासाहेब बॅरिस्टर होते. त्यांना हा तंटा कोर्टातच जिंकायचा होता.

आणि मग सुरू झाले ते 'टँक' या शब्दाचे कोर्टातले आयुष्य. हे तळे कोणाचे? त्याची देखरेख कोण करते? त्याच्या काठचे घाट कोणाचे? 'अनादिकाल' म्हणजे नेमके कधीपासून? महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ च्या जूनमध्ये लागला, बाबासाहेबांच्या बाजूने. विरुद्ध पक्ष अपिलात ठाण्याला गेला, १९३३ मध्ये तिथेही हरला. मग मुंबई हायकोर्ट. तिथे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांच्यापुढे काम चालले आणि १७ मार्च १९३७ ला निकाल झाला : तळे नगरपालिकेचे, आणि अनादि वहिवाट शाबीत झालेली नाही. २० मार्च १९२७ ते १७ मार्च १९३७. दहा वर्षांना तीन दिवस कमी. एका ओंजळीच्या पाण्याला एवढा काळ लागला. तुमच्यापैकी ज्यांच्या जमिनीच्या केसेस पौडला नि पुण्याला चालू आहेत त्यांना या दहा वर्षांचा अर्थ जास्त कळेल.

मधल्या काळात, १९३४ साली, बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला बघायला गेले. दारापाशी पाण्याने भरलेला लहानसा टँक होता. प्रवासाच्या धुळीने माखलेली माणसे, त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून टँक बाटवला म्हणून गलका झाला, शिव्या झाल्या. गलका करणारे या वेळी हिंदू नव्हते, मुसलमान होते. किल्ल्यात सोडले ते, आत कुठे पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. हे बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिका म्हणून काढल्या. अभ्यासिकेतल्या मुलांनी त्या जरूर वाचाव्यात. इंग्रजी सोपे आहे.

आता संविधान उघडा. अनुच्छेद १५, खंड दोन. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही कशापासून अडवता येणार नाही, त्याची यादी आहे. दुकाने, उपाहारगृहे, मग विहिरी, आणि विहिरींनंतर लगेच इंग्रजी प्रतीत शब्द आहे 'टँक्स'. मराठी प्रतीत तिथे 'तलाव' आहे. आम्ही हे कलम पूर्वी अनेकदा वाचले होते, पण त्या शब्दावर बोट कधी थांबले नव्हते. पोराने प्रश्न विचारला म्हणून थांबले. महाडच्या तळ्याचा शब्द, दौलताबादच्या दारातल्या कुंडाचा शब्द, बेडशाच्या टाक्याचा शब्द, देशाच्या घटनेत जाऊन बसला आहे.

इथे थांबलो असतो तर भाषण गोड झाले असते. पण आपल्या मुळशीचे बोलल्याशिवाय बसता येत नाही.

१९२७ सालीच, महाडच्याच वर्षी, टाटांचे भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुळा नदीचे पाणी मुळशीला अडवले आणि डोंगरातून खाली कोकणात सोडले. त्या आधी १९२१ पासून सेनापती बापट आणि मावळ्यांनी सत्याग्रह केला, मार खाल्ला, तुरुंग भोगले. तरी पन्नासच्या आसपास गावांची जमीन गेली. ती वीज मुंबईला गेली. पाणी अडवणे म्हणजे तांके, हे आम्ही मघाशी सांगितले. अडवलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न महाडलाच संपत नाही. धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेली आहे. टँकर हाही त्याच टँकचा पोर.

आणि शेवटचा टँक. सेप्टिक टँक. १८९५ च्या सुमारास इंग्लंडात एक्सेटर शहरात हे नाव रूढ झाले. सेप्टिक म्हणजे कुजवणारे. हिंजवडी आपल्याच तालुक्यात. तिकडे सोसायट्या झाल्या, बंगले झाले, आणि आपली पोरे तिथे ठेकेदाराकडे साफसफाईला जातात. आपल्या वस्तीतल्या एका तरुणाला गेल्या वर्षी एका ठिकाणी सांगितले, "चोकअप झालंय, जरा आत उतरून बघ." हा म्हणाला, उतरणार नाही. दुसऱ्या दिवसापासून काम बंद. तो विहारात आमच्याकडे आला आणि विचारले, "नाही म्हणायला मला कायद्याचा आधार होता का? का मीच जास्त केलं?"

आम्ही त्या दिवशी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही, याची लाज वाटते. आज देतो. आधार होता. २०१३ चा कायदा आहे, हाताने मैला उचलण्याच्या बंदीचा. तो अंमलात आला ६ डिसेंबरला. तारीख तुम्हाला सांगायला नको. त्याच्या कलम ७ प्रमाणे सेप्टिक टँक किंवा गटार धोकादायक रीतीने साफ करण्याच्या कामाला कोणालाही लावता येत नाही, ठेकेदारालाही नाही आणि सोसायटीलाही नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षे, पाच लाख. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अशा मृत्यूंना दहा लाख भरपाई ठरवली होती, ती २०२३ च्या ऑक्टोबरात तीस लाख केली. पण तीस लाखांनी पोर परत येत नाही, म्हणून आत काय असते ते ऐकून ठेवा. हवा नसताना मैला कुजला की विषारी वायू साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू जास्त असला तर नाकच बधिर होते, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटते की आता ठीक आहे. दोन-चार श्वासांत तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पेपरात एकाच टाकीत दोन-तीन मृत्यू वाचतो ते यामुळे. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. पडलेल्याच्या मागे उडी मारायची नाही. अग्निशामक दल बोलवायचे, आणि मैला उपसायला यंत्राची गाडी. आईबापांनी हे मुलांकडून पाठ करून घ्या.

ज्या टँकच्या पाण्याला आपल्याला शिवू दिले नाही त्यासाठी दहा वर्षे कोर्ट लढवले. आता या टँकमध्ये उतरायला आपल्यालाच आग्रहाने बोलावतात. त्या तरुणाने नाही म्हटले, तेव्हा त्याला महाड आठवले होते का, हे आम्ही विचारले नाही. त्याला कर्जाचा हप्ता आठवत असणार.

समितीला एक विनंती केली आणि ती त्यांनी मान्य केली आहे. त्या कायद्याची मराठी प्रत अभ्यासिकेच्या कपाटात, संविधानाच्या शेजारी ठेवली आहे. किल्ली कोषाध्यक्षांकडे. रविवारी वंदनेनंतर तासभर आम्ही तिथे बसू. ज्यांची मुले अशा कामावर आहेत त्यांनी मुलांना घेऊन यावे. आणि पावसाळा सरला की बेडशाला सहल काढू. त्या सहावीतल्या पोराला टाक्यावरची अक्षरे आम्ही दाखवणार आहोत.

इथेच थांबतो. नमो बुद्धाय, जयभीम.